हात पाठीमागे

हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून रुग्णाला देणारं मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, त्याला स्वतःची एक लय असते. कंप्रेसरची घरघर सतत चालू, आणि दर काही सेकंदांनी आतला व्हॉल्व्ह बाजू बदलतो तेव्हा फुस्स असा आवाज येतो, दमलेल्या माणसाने सुस्कारा टाकावा तसा. माझी वीस वर्षं हॉस्पिटलची मशिन्स उघडून बसण्यात गेलीयत, त्यामुळे हा आवाज कानात इतका मुरलाय की वॉर्डाच्या दारातूनच कळतं कुठलं मशीन नीट चाललंय आणि कुठलं नाही. त्या दिवशी पूर्व आफ्रिकेतल्या एका हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात तिसऱ्या कॉटजवळच्या मशीनचा सुस्कारा अडखळत होता. फुस्स यायचं तिथे काहीच नाही, मग एकदम लागोपाठ दोन. सिस्टरांनी बाळाला आधीच सिलिंडरवर घेतलं होतं, म्हणजे जिवावरची घाई नव्हती. पण माझे हात शिवशिवायला लागले. काय झालंय ते मला माहीत होतं, आधी कुठला स्क्रू काढायचा तेही माहीत होतं, पंचवीस मिनिटांचं काम.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तशीच उभी राहिले.

शेजारी तिथला तंत्रज्ञ होता. स्वाहिलीत कारागिराला, काहीही दुरुस्त करून देणाऱ्या माणसाला फुंडी म्हणतात, अख्खं हॉस्पिटल त्याला त्याच नावाने हाक मारायचं म्हणून मीही इथे तेच लिहिते. त्याने मागचं झाकण काढलं, प्रत्येक स्क्रू किडनी ट्रेमध्ये निघाला त्या क्रमाने ओळीत ठेवला, मग नळ्या तपासल्या (नळ्यांचा दोष नव्हता, मला माहीत होतं, बोलले नाही), मग कपॅसिटर, मग परत नळ्या. सव्वा तासाने तो व्हॉल्व्हपाशी पोचला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी पांढरी, पिठासारखी बारीक पूड साचली होती. त्याने ती बोटावर घेतली, उजेडात धरली आणि मला विचारलं, "मॅडम, ही कुठून आली?"

तो प्रश्न त्याने विचारेपर्यंत थांबायचं, एवढंच माझं त्या दिवशीचं काम होतं. मग मी सांगितलं. आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. या मशीनच्या पोटात दोन नळकांडी असतात, त्यात झिओलाइटचे दाणे, हवा दाबाने आत ढकलली की ते दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडं भरलं की व्हॉल्व्ह फिरतो, दुसरं कामाला लागतं आणि पहिलं अडवलेला नायट्रोजन बाहेर सोडतं, तोच तो सुस्कारा. दाण्यांना दमट हवा लागली किंवा ते आत हलून एकमेकांवर घासले की त्यांची पूड होते, आणि ती येऊन व्हॉल्व्हमध्ये अडकते. त्याने पूड काढली, व्हॉल्व्ह साफ केला, सगळं उलट्या क्रमाने बसवलं, ऑक्सिजनची शुद्धता मोजणारा ॲनलायझर लावला. ८९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की या मशीनमधून निदान ८२ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळायलाच हवा, म्हणजे पास. पावणेतीन तास लागले. तिथे स्वयंसेवक म्हणून काढलेल्या अकरा महिन्यांतले माझ्यासाठी सगळ्यात कठीण पावणेतीन तास तेच, आणि तिथे गेल्याचं काही सार्थक झालं असेल तर ते त्या आणि तशाच बाकीच्या पावणेतीन तासांमध्ये झालं असं मला मनापासून वाटतं.

पण हे हात पाठीमागे ठेवणं मला जमायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांबद्दल लिहायचं म्हणूनच आज बसलेय.

मी गेले ते एका संस्थेतर्फे, स्किल्ड व्हॉलंटिअर म्हणून, पूर्व आफ्रिकेतल्या त्या जिल्हा रुग्णालयात. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता, तिकीट आणि विमा संस्थेचा. पोचले तेव्हा एका खोलीत बंद मशिन्सचा ढीग होता, कॉन्सन्ट्रेटर, सक्शन, इन्क्युबेटर, दोन ॲनेस्थेशियाची यंत्रं, बरीचशी कुठून कुठून दान म्हणून आलेली. काही तर ११५ व्होल्टवर चालणारी, आणि तिथल्या भिंतीतून येणार २३०. कुणीतरी प्रेमाने पाठवलं, दुसऱ्या कुणीतरी आशेने प्लग लावला आणि पहिल्याच दिवशी मशीन जळलं. मी बाह्या सरसावल्या. चार महिन्यांत ४३ मशिन्स सुरू केली. दर महिन्याला रिपोर्ट पाठवायचा असायचा, त्यात एक रकाना होता, किती उपकरणं दुरुस्त केली, आणि माझा आकडा दर महिन्याला चढत होता, तिकडून शाबासकीचे मेल येत होते. फुंडी माझ्या बाजूला उभा असायचा. मी पाना मागितला की पाना द्यायचा, टॉर्च धरायचा. मला वाटायचं तो शिकतोय.

पाचव्या महिन्यात मला मलेरिया झाला आणि मी तीन आठवडे अंथरुणाला खिळले. परत कामावर गेले तर नऊ मशिन्स बंद. मी एकेक उघडलं. एकाचा फ्यूज गेलेला. दोघांची नळी निसटलेली. चौघांचे फिल्टर धुळीने गच्च भरलेले. फुंडीला विचारलं, अरे, नळी तर तुलाही दिसली असेल ना. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम येतील असं सगळ्यांनी सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, तू हात लावू नकोस, इंजिनिअर आहेत."

मी येण्याआधी तो हात लावत होता. कमी लावत असेल, चुकत असेल, पण लावत होता. मी येऊन त्याचं तेही बंद पाडलं. ४३ च्या बाजूला हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा ते त्या फॉर्ममध्ये नव्हतं.

त्या रात्री मी खूप अस्वस्थ होते. आपण चांगलं करायला निघालो, मेहनत केली, आजारी पडलो, आणि आपण असताना जे होतं त्याहून ही जागा आपण नसताना जास्त पांगळी झाली. मग मी वाचायला लागले, माणसं भेटतील त्यांना विचारायला लागले, हे माझंच असं झालं की होतंच असं. तर होतं, खूप होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांमधल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि त्यातली जवळपास ४० टक्के उपकरणं बंद होती. ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉल्किन यांचं हे काम. त्यांनीच त्याच्या आधी दुसरी एक गोष्ट तपासली होती, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची, की गरीब देशांतल्या हॉस्पिटलांत बंद पडलेल्या उपकरणांपैकी साधारण दोन तृतीयांश उपकरणं साध्या, शिकवता येण्याजोग्या कौशल्यांवर परत चालू होतात, बाहेरून महागडे पार्ट न मागवता. म्हणजे फ्यूज, प्लग, नळी, साफसफाई, थोडं वायरिंग. थोडक्यात काय, त्या खोलीतल्या ढिगाला वीस वर्षांच्या अनुभवाची इंजिनिअर लागत नव्हतीच. तिथे कायम राहणारा, ज्याला हात लावायची परवानगी आहे असा माणूस लागत होता.

परवानगी हा शब्द मी विचार करून लिहितेय. कौशल्य शिकवता येतं हो, त्यासाठी मॅन्युअल आहेत, व्हिडिओ आहेत. पण "हे माझं काम आहे, मी उघडणार" असं म्हणायची जी जागा लागते माणसाला, ती बाहेरून आलेला तज्ज्ञ नकळत बळकावून बसतो. त्याच्या मनात तसं काही नसलं तरी. तो नुसता तिथे असतो आणि सगळ्या नजरा त्याच्याकडे वळतात.

पूर्वीच्या लोकांनाही हे वळण घ्यावं लागलंय. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेची जी परंपरा आज आपण बघतो तिच्या सुरुवातीला एक इंजिनिअरच आहे, पिएर सेरेसोल नावाचा स्विस माणूस. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये त्याने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांची थोडी माणसं जमवली आणि घरं उभारायला घेतली, त्यात जर्मन माणसंही होती, कालपर्यंत समोरून गोळ्या झाडणाऱ्या देशाची. हाच माणूस पुढे १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर भारतात आला आणि गावं पुन्हा बांधायच्या कामाला लागला. त्याच्यासाठी काम हे शांततेचं साधन होतं, शेजारी उभं राहून एकत्र खणलं की वैर उरत नाही, आणि त्या काळाला ते हवंच होतं. मग १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये परदेशी स्वयंसेवक पाठवणारी व्हीएसओ ही संस्था सुरू झाली, १९६१ मध्ये अमेरिकेची पीस कोअर, १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतःचा स्वयंसेवक कार्यक्रम काढला. व्हीएसओने सुरुवातीला शाळा संपवलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पाठवली होती. पण ज्या देशांत ती जात होती त्यांची गरज वेगळी होती, शिक्षकांना शिकवू शकेल असा शिक्षक, नर्सेसना शिकवू शकेल अशी नर्स, आणि हळूहळू संस्थेलाही तिकडेच वळावं लागलं. आज संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांत बहुसंख्य लोक आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतलेच असतात, कुणी आपल्याच देशात काम करतो, कुणी एका विकसनशील देशातून दुसऱ्या विकसनशील देशात जातो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण जिने अर्ध्या व्होल्टेजवर मशीन चालवून बघितलंय, पार्ट मिळत नाही तेव्हा काय करायचं हे जिला माहीत आहे, तिचं ज्ञान तिथे जास्त उपयोगी पडतं.

आणि आपल्या मराठी माणसाला या विषयात डॉ. कोटणीस आठवणारच. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांच्या शस्त्रक्रिया, त्यांचे कष्ट, वयाच्या ३२ व्या वर्षी ९ डिसेंबर १९४२ ला आलेला मृत्यू, हे आपण सांगत आलोय. मला मात्र हल्ली दुसऱ्याच गोष्टी जास्त आठवतात. ते चिनी भाषा शिकले. चीनमध्ये जखमींवर उपचार करताना वारलेले कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत त्यांनी शिकवलं. युद्ध चालू असताना, औषधं नसताना, समोर जखमींची रांग असताना वेळ काढून शिकवलं. मी त्या चित्राकडे बघते तेव्हा वाटतं, या माणसाला शिकवायची गरज कुणी पटवून दिली असेल? ऑपरेशन टेबलावर प्रत्येक मिनिटाला एक जीव वाचत असताना, वर्गात उभं राहायचं धैर्य कुठून येतं? माझ्या पावणेतीन तासांत तर एकही जीव टांगणीला नव्हता.

टिकाऊ हा शब्द आपण पटकन वापरतो, शाश्वत विकास, शाश्वत उद्दिष्टं. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं ठरवली, २०३० पर्यंत गाठायची. ती यादी लांबलचक आहे आणि मीही आधी कधी नीट वाचली नव्हती, पण आरोग्याच्या तिसऱ्या उद्दिष्टात एक छोटं कलम आहे, ३-सी, त्यात विकसनशील देशांमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची भरती, प्रशिक्षण आणि त्यांना टिकवून ठेवणं असं लिहिलंय. टिकवून ठेवणं. मशीन टिकवणं नाही, माणूस टिकवणं. ते वाचल्यावर मला फुंडीची नोकरी आठवली. तो कंत्राटी होता, दर सहा महिन्यांनी कागद बदलायचा. आणि मी फुकट मिळालेली इंजिनिअर. आता तुम्हीच सांगा, ज्या कार्यालयात बजेटची ओढाताण चाललीय तिथे फुकटची इंजिनिअर समोर असताना कायम तंत्रज्ञाचं पद कोण मंजूर करेल? व्हॉलंटिअर रिकाम्या पदावर जाऊन बसला की ते पद रिकामं दिसतच नाही, आणि जे रिकामं दिसत नाही ते भरलं जात नाही. हा प्रश्न मला अजूनही छळतो आणि ज्या संस्था माणसं पाठवतात त्यांनी तो सगळ्यात आधी विचारायला हवा असं माझं ठाम मत झालंय. जाणाऱ्यानेही विचारावा. माझ्या जागी इथला कोणी असता का? नसेल तर मी गेल्यावर कोण असेल? याचं उत्तर कागदावर नसेल तर जाऊ नये.

पाण्याच्या क्षेत्रातल्या लोकांशी बोलताना अजून एक जोडी कळली, दोन पंपांची. २००६ च्या सुमाराला एका पंपाचा फार गाजावाजा झाला, प्लेपंप, मुलं चक्रीवर गोल गोल फिरतील आणि खेळता खेळता पाणी वर येईल. कल्पना किती गोड, ऐकताक्षणी हसू येतं. अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४००० पंप बसवायचे ठरले. पण मुलं दिवसभर चक्री फिरवत नाहीत, मुलं दमतात, कंटाळतात, मग बायकांनीच ती जड चक्री हाताने ढकलायची, आणि बिघडलं तर गावातल्या कुणाला उघडता येणार नाही. २०१० पर्यंत तो कार्यक्रम गुंडाळला गेला. दुसरा पंप आपल्याकडचा, इंडिया मार्क टू. त्याआधीचे ओतीव लोखंडाचे हातपंप धडाधड बंद पडत होते, कारण मूळ रचना एखाद्या कुटुंबापुरती आणि इथे अख्खं गाव सकाळपासून दांडा हाणणार. मग जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या वर्कशॉपांत स्टीलचा दणकट पंप बनवून बघितला गेला, आणि त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफ आणि इथल्या इंजिनिअर लोकांनी मिळून इंडिया मार्क टू घडवला. त्याचं पेटंट कुणाकडे नाही, कुणीही बनवावा, आणि तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत जाऊन पोचला. बाहेरचे तज्ज्ञ दोन्हीकडे होते, पैसा दोन्हीकडे होता. पण दुसरा पंप जिथे वापरायचा तिथेच मोडून, परत करून, परत मोडून तयार झाला.

तरी एवढ्याने भागत नाही. २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांमधली हातपंपांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त पंप बंद निघाले होते, आणि त्यात चांगल्या रचनेचेही होतेच. वॉशर झिजला आणि तो मिळायचं ठिकाण शंभर किलोमीटरवर असेल तर चांगला पंपही लोखंडाचा खांब होऊन उभा राहतो. कॅनडातल्या एंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्सने २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा अहवालच छापायला सुरुवात केली, दरवर्षी, नावानिशी काय चुकलं ते. मी ते वाचले तेव्हा फार आधार वाटला. माझ्या फॉर्ममध्ये जो रकाना नव्हता तो त्यांनी स्वतःहून काढला होता.

तर मलेरियानंतर मी संस्थेला लिहिलं की आता माझे आकडे पडतील, आणि का पडतील ते पण लिहिलं. समजून घेतलं त्यांनी, थोडा वेळ लागला. मग पहिली गोष्ट केली ती म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांकडे जाऊन बसले. मशीनला रोज हात त्यांचा आणि त्यांच्या हाताखालच्या नर्स मुलींचा लागतो, माझा नाही, फुंडीचाही नाही. त्यांना विचारलं, फिल्टर का धुतला जात नाही? कॉन्सन्ट्रेटरच्या मागच्या बाजूला स्पंजचा एक तुकडा असतो, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवायचा, सुकवायचा, परत लावायचा, बस. मला वाटत होतं माहिती नसेल, म्हणून मी चित्रांचा एक तक्तासुद्धा करून आणला होता. सिस्टर उठल्या, मला कॉटपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "फिल्टर कुठे आहे दाखवा." मशीन भिंतीला पाठ टेकवून ठेवलेलं. फिल्टर मागे. काढायचा तर चालू मशीन पुढे ओढायचं, नळी ताणली जाणार, बाळाच्या नाकातून निघणार, रात्री एक सिस्टर आणि बावीस मुलं, कोण ओढेल? आणि एकच स्पंज, तो सुकेपर्यंत मशीन बंद ठेवायचं का? मी तक्ता गुंडाळून परत आणला. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून मशिन्स भिंतीपासून हातभर पुढे घेतली, फुंडीने जमिनीवर रंगाने रेघ मारली की याच्या मागे मशीन जाऊ द्यायचं नाही, आणि प्रत्येक मशीनला दुसरा स्पंज कापून ठेवला, एक लावलेला, एक दोरीवर सुकत. त्यानंतर फिल्टरपायी बंद पडलेलं मशीन मी तिथे असेपर्यंत आलं नाही.

दुसरी गोष्ट फुंडीच्या वहीची. एका मशीनचं कंट्रोल बोर्ड माझ्या पहिल्या चार महिन्यांत तीन वेळा जळलं होतं आणि मी तिन्ही वेळा नवीन मागवलं, उत्पादकाला शिव्या घालत. आता मी बोलणं कमी केलं होतं तर एक दिवस तो वही घेऊन आला. त्यात तीन वर्षांच्या तारखा, कुठलं मशीन कधी गेलं, आणि पुढे एक बारीक खूण. खूण म्हणजे त्या दिवशी वीज जाऊन जनरेटर सुरू झाला होता. जवळजवळ प्रत्येक जळलेल्या बोर्डापुढे खूण. जनरेटर पकडतो त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि बोर्ड जातं. मी विचारलं, हे तू आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नव्हतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी बराच वेळ त्या वहीची पानं उलटत राहिले. आम्ही ती वही घेऊन हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे गेलो, बोलला तो, मी शेजारी बसले, आणि पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये स्टॅबिलायझरची एक ओळ आली. एक ओळ. मी दुरुस्त केलेल्या ४३ मशिन्सपेक्षा त्या ओळीने जास्त मशिन्स वाचवली असतील.

लोक विचारतात, दोन आठवड्यांची सुट्टी आहे, जाऊन काही करता येईल का. मला त्यांचं मन मोडवत नाही, इच्छा खरी असते. पण मी सांगते की दोन आठवड्यांत रेघ मारता येते, पण कुठे मारायची ते कळायला पाच महिने गेले. त्यापेक्षा इथूनच वर्षभर दर आठवड्याला एक तास द्या. माझ्या ओळखीचे एक अकाउंटंट आहेत, ते एका लहान संस्थेच्या हिशेबनीस मुलीसोबत दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर बसतात, स्क्रीन तिची, माऊस तिच्या हातात, दोन वर्षं झाली. विमानाचं तिकीट नाही, फोटो नाहीत. आता तिथलं ऑडिट ती एकटी पार पाडते. ज्याला खरंच जायचंय त्याने निदान सहा महिने तरी काढावेत, भाषा शिकायला आधीपासून लागावं, आणि तिकडून कुणी बोलावलंय का, नेमकं कशासाठी, हे विचारून घ्यावं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठी स्वयंसेवकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, तेव्हा खूप हात वर होतील, व्हावेतच, मला त्याचा आनंद आहे. जगात अजून कितीतरी वॉर्डांमध्ये ऑक्सिजन भिंतीपाशी येऊन थांबलाय. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या मुलाला ऑक्सिजन हे औषधच आहे, पण रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यावर द्यायचं औषध म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याची नोंद व्हायला २०१७ साल उजाडावं लागलं. काम खूप पडलंय. माणसं लागणार आहेत. फक्त हात कधी पुढे करायचे आणि कधी मागे घ्यायचे हे ज्याचं त्याला तिथे उभं राहूनच शिकावं लागतं, मला दुसरा मार्ग माहीत नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत मी एकही मशीन स्वतः उघडलं नाही. आकडा शून्य. फुंडीने १७ केली, त्यातली दोन चुकीची जोडली, परत उघडून बरोबर केली. मी निघाले तेव्हा तो कंत्राटीच होता, त्या बाबतीत मला काहीच करता आलं नाही आणि ते सलतं. अर्ज आम्ही तीनदा केला. चौथा त्याने माझ्यानंतर केला.

आम्ही अजून फोनवर बोलतो, आधी आठवड्याला, मग महिन्याला, आता कधीमधी. सुरुवातीला तो प्रत्येक बिघाडाचा फोटो पाठवायचा आणि मी बाण काढून परत पाठवायचे. मग फोटो कमी होत गेले. मध्ये मी सहज विचारलं, तिसऱ्या कॉटजवळचं मशीन कसं आहे, तर म्हणाला, ते काढलं. म्हणजे? म्हणाला, भंगारात काढलं, आठ दिवस झाले. माझ्या पोटात खड्डाच पडला, ते मशीन मी वाचवलं असतं, निदान प्रयत्न केला असता, नवीन नळकांडी मागवायला कुणाकुणाला मेल केले असते. त्याने पलीकडच्या जिल्ह्यातल्या तंत्रज्ञाला बोलावून दोघांनी मिळून तपासलं होतं आणि ठरवलं होतं. मला विचारावं असं त्याला वाटलंही नव्हतं. मी म्हटलं, रजिस्टरचा फोटो पाठवशील? त्याने पाठवला. तारीख, मशीनचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात त्याच्या तिरप्या अक्षरात कारण: पांढरी पूड तिसऱ्यांदा, शुद्धता ७१, दाणे गेले, मुलांना लावू नये, कंप्रेसर आणि व्हॉल्व्ह काढून पाच नंबरच्या मशीनला बसवले, ते चालू. खाली मोठ्या सिस्टरांची सही.